ऑर्गनमध्ये मुंग्यांचं घर, आणि बिल माझ्या नावावर

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. पावसाळ्यात धान आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत ऑर्गन वाजवतो. गेल्या हंगामासाठी वडशाच्या एका साउंडवाल्याकडून ऑर्गन म्हणून जुना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड १२,००० रुपये भाड्याने घेतला. जामीन म्हणून सही केलेला कोरा चेक दिला. पावतीवर ‘खराबी झाल्यास नवीन किंमत द्यावी लागेल’ असं लिहिलं आहे. फेब्रुवारीतच वरच्या सप्तकातले दोन स्वर अडकत होते, तेव्हा मालक ‘धूळ असंल’ म्हणाले. होळीनंतर परत न्यायला निघालो, तर त्यांचा व्हॉइस मेसेज आला : ‘आता कायले आनतोस, दिवाळीले लागतेच ना. राहू दे तुयाजवळच.’ मी बॅगेत घालून फळीवर ठेवला. खोलीत धानाची पोती होती. दसऱ्याला काढला तर अर्धे स्वर बंद, फटींतून बारीक लाल मुंग्या, पांढरी अंडी. घाबरून मी कीटकनाशक स्प्रे मारला. आता मालक ५८,००० मागतात, नाहीतर चेक बँकेत टाकतो आणि पोलिसात देतो म्हणतात. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी एक काम करा. पुन्हा स्प्रे मारू नका, आणि कीबोर्ड खोलून झाडूही नका. मुंग्यांचं ते घर हाच सध्या तुमचा पुरावा आहे. मेकॅनिक उघडून पाहीपर्यंत त्या पसरू नयेत म्हणून कीबोर्ड स्टँडवर ठेवा आणि स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, घरात आई जशी दुधा-गुळाच्या कपाटाखाली ठेवते तशा. अ‍ॅडॅप्टर काढून ठेवा. प्लग लावून ठेवला तर आतला भाग थोडा गरम राहतो आणि ऊब मुंग्यांना आवडते. शिवाय स्प्रेचा ओलावा आत असताना चालू करणं धोक्याचं आहे.

आता कायदा. दुसऱ्याची वस्तू काही कामासाठी आपल्या ताब्यात असते, त्याला कायद्याच्या मराठीत ‘निक्षेप’ म्हणतात. कोर्टात मात्र सगळे बेलमेंटच म्हणतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे तुम्ही त्या वस्तूची तेवढीच काळजी घ्यायची, जेवढी साधारण समजदार माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. कलम १५२ पुढे सांगतं की एवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानाला तुम्ही जबाबदार नाही. अडचण अशी की काळजी घेतली हे दाखवण्याचा भार ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याच्यावर, म्हणजे तुमच्यावर येतो.

म्हणून न्यायाधीश विचारतील, ‘हा कीबोर्ड तुमचा स्वतःचा असता तर कुठे ठेवला असता?’ जमिनीवर नाही, बॅगेत, फळीवर, हे तुमच्या बाजूचं. धानाची पोती शेजारी होती, हे थोडं विरोधात. पण ज्या घरात एकच सुकी खोली असते तिथे धान आणि वाजंत्री एकत्रच राहणार, हेही खरं आहे आणि ते साक्षीत स्पष्ट सांगायला लाजू नका. पावसात जमिनीतल्या वारुळात पाणी शिरलं की मुंग्या कोरड्या, अंधाऱ्या जागी वर चढतात. कीबोर्डच्या पट्ट्यांखालची जागा अगदी तशी. त्या पट्ट्यांखाली रबराचा पातळ थर असतो, त्याच्यावर कार्बनचे काळे ठिपके. पट्टी दाबली की ठिपका खालच्या सर्किटला टेकतो आणि आवाज येतो. मधे माती, अंडी किंवा मेलेली मुंगी आली की स्वर मुका. म्हणजे अर्धे स्वर बंद झाले म्हणून कीबोर्ड मेला असं होत नाही. बरेचदा पट्ट्या उतरवून खालचे ठिपके आणि सर्किट अल्कोहोलने पुसलं, गरज पडली तर रबर बदललं की काम भागतं. भरपाईच्या हिशेबाला हे फार महत्त्वाचं आहे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. तुमचं भाडं होळीला संपलं. मुदत संपल्यावर तुमच्या चुकीने वस्तू परत गेली नसती, तर कलम १६१ लागलं असतं आणि मग काळजी घेतली का, हे कुणी विचारलंही नसतं, नुकसान थेट तुमचं. पण इथे तुम्ही परत नेत होता आणि मालकांनीच ‘राहू दे’ म्हटलं. त्यामुळे तो व्हॉइस मेसेज जिवापाड जपा. फोन बदलू नका, व्हॉट्सॲप डिलीट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील तयार करून देईल.

तिसरं, फेब्रुवारीत अडकलेले दोन स्वर. करार कायद्याचं कलम १५० म्हणतं की वस्तू भाड्याने दिली असेल तर तिच्यात आधीपासून असलेल्या दोषामुळे झालेल्या नुकसानाला मालक जबाबदार, मग तो दोष त्याला माहीत असो वा नसो. मुंग्या त्यांच्या गोदामातूनच आल्या असतील तर गाडी उलटी फिरते. पण इथे मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. आज आत पांढरी अंडी (खरं तर त्या बहुधा अळ्या आणि कोष असतात) सापडली, यावरून एवढंच दिसतं की तिथे मुंग्यांची वस्ती होती. फेब्रुवारीपासून होती, हे त्यावरून ठरत नाही. आत जुना गंज किंवा वाळून घट्ट झालेला मातीचा थर दिसला तर त्याचा आधार थोडा वाढेल. त्याच दुकानातून सामान नेणाऱ्या दुसऱ्या कलाकारांनाही विचारा. एखाद्याच्या ऑक्टोपॅडमध्येही मुंग्या निघाल्या असतील तर तो तुमचा साक्षीदार.

आता तुमची चूक. स्प्रे. तो लपवू नका, मेकॅनिकला वास येईलच. घरगुती स्प्रेमधलं तेल आणि द्रावण रबर, प्लास्टिक आणि डिस्प्लेला बाधतं. ‘मुंग्या दिसल्या की साधारण माणूस हाताशी असलेला स्प्रेच मारतो’ असा युक्तिवाद मी करेन, पण तो चालेलच याची हमी नाही. स्प्रेमुळे झालेलं नुकसान तुमच्या खात्यात येऊ शकतं, हे धरून चला.

‘नवीन किंमत’ या ओळीने घाबरू नका. करारात रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप मिळत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. सुप्रीम कोर्टाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात हेच म्हटलं आहे. जुन्या कीबोर्डची दुरुस्ती होत असेल तर नव्याचे पैसे मागणं टिकायचं नाही.

चेकचं मात्र गंभीरपणे घ्या. ‘कोऱ्या चेकवर केस होत नाही’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार (२०१९) मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राजीखुशीने सही करून दिलेला कोरा चेक असला तरी देणं होतं असं गृहीत धरलं जातं, आणि ते खोडणं सही करणाऱ्याचं काम. बँकेला सांगून चेक थांबवला (स्टॉप पेमेंट) तरी चेक न वटल्याच्या गुन्ह्यातून, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मधून, सुटका होत नाही. चेक परतला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत मालकांनी लेखी नोटीस द्यायला हवी. ती मिळाल्यापासून पैसे भरायला तुम्हाला १५ दिवस मिळतात. त्या १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. भक्कम मुद्दा असा, की नुकसानीची मागणी म्हणजे देणं नव्हे. किती नुकसान आणि कोणामुळे, हे कोर्टाने ठरवल्याशिवाय कायदेशीर वसूल करता येणारं कर्ज तयार होत नाही.

पोलिसांचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधल्या विश्वासघाताला अप्रामाणिक हेतू लागतो. तुम्ही कीबोर्ड विकला नाही, लपवला नाही. ठाण्यातून बोलावणं आलं तर जा, कागद दाखवा, पण ‘अमुक तारखेपर्यंत पैसे देतो’ असं लिहून देऊ नका.

पुढचा मार्ग मी असा सुचवतो. मालकांना स्पीड पोस्टने पत्र पाठवा : ‘कीबोर्ड आपल्या सांगण्यावरून माझ्याकडे होता. आपण व मी दोघांच्या समोर, आपल्या पसंतीच्या मेकॅनिककडून तो उघडून पाहावा, फोटो घ्यावेत, दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा. पाहणीचा खर्च मी देतो.’ स्प्रेबद्दल पत्रात लिहू नका, पाहणीच्या वेळी विचारलं तर खरं सांगा. मालक आले नाहीत तर तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्याआधीच्या तडजोडीचा अर्ज द्या. १५१०० या टोल फ्री क्रमांकावरही माहिती मिळते. लोकअदालतीत ठरलेला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून तिथे सही करण्याआधी आकडा दोनदा वाचा.

माझा अंदाज विचाराल तर हे प्रकरण दुरुस्ती खर्चाच्या काही भागावर मिटेल. मिटताना रोख हातात देऊ नका, यूपीआयने द्या, आणि त्याच टेबलावर तो कोरा चेक परत घेऊन फाडण्याआधी त्याचा नंबर आणि ‘सर्व हिशेब पूर्ण’ एवढे शब्द पावतीवर मालकांच्या सहीने लिहून घ्या.