जीवाश्म डायनोफ्लॅजेलेट सिस्टचं वर्णन करताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की शेलपासून (चिखलाच्या पापुद्रेदार खडकापासून) केलेल्या स्लाइडवर ४०-५० मायक्रॉनचे काटेरी गोळे, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांची कवचबंद विश्रांती-रूपं (सिस्ट), भरपूर आहेत, सगळे सारखेच वाटतात, मग हे सगळं स्पिनिफेराइटीस या एकाच वंशाचं (जीनसचं) धरायचं का?

नका धरू. आणि काट्यांपासून सुरुवातही करू नका. आधी भोक शोधा. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्गने १८३० च्या दशकात चकमकीच्या दगडात हेच गोळे पाहिले आणि काटे बघून ते झँथिडियम या हिरव्या शैवालाच्या नावावर टाकले. १९६१ मध्ये जीवाश्म-अभ्यासक एव्हिटने दाखवून दिलं की ते भोक म्हणजे ठरावीक प्लेट (कवचाचा तुकडा) निखळून झालेलं दार आहे. आतली पेशी तिथूनच बाहेर पडते. त्याला आर्किओपाइल म्हणतात आणि निखळलेल्या झाकणाला ऑपर्क्युलम.

खरं आर्किओपाइल कोनदार असतं, कारण त्याची कड प्लेटांच्या शिवणीवरून जाते. वेडीवाकडी, फाटल्यासारखी कड दिसली तर ती मोडतोड समजा. झाकण पुष्कळदा सिस्टच्या आतच पडलेलं असतं, तेव्हा फोकस खालीवर करून बघा. टोकाकडचा अख्खा भाग उडालेला असेल आणि कड नागमोडी असेल, तर आर्किओपाइल एपिकल. पाठीच्या बाजूची, कमरपट्ट्याच्या (सिंग्युलमच्या) वरची एकच प्लेट गेली असेल, तर प्रीसिंग्युलर. दोन्हींच्या मधली, म्हणजे इंटरकॅलरी प्लेट गेली असेल, तर बहुतेक पेरिडिनिऑइड गटाकडे वळावं लागतं. वेट्झेलिएला त्यातलीच.

काट्यांची पाळी यानंतर. त्यांची संख्या सोडा, ते उगवतात कुठून ते बघा. स्पिनिफेराइटीस आणि ऑपर्क्युलोडिनियम दोघांचंही आर्किओपाइल प्रीसिंग्युलर, तिसऱ्या प्लेटचं. पण स्पिनिफेराइटीसचे काटे प्लेटांच्या शिवणींवर असतात: कोपऱ्यावरचे तीन फाट्यांचे, दोन कोपऱ्यांमधले दोन फाट्यांचे. ऑपर्क्युलोडिनियमचे काटे अंगभर विखुरलेले, प्लेटांशी काही देणंघेणं नसलेले. काटे शिवणीवरचेच, पण बुडाशी त्यांना जोडणारी कड दिसत नाही? मग अकोमोस्फेरा बघा. हिस्ट्रिकोस्फेरिडियममध्ये प्लेटच्या मध्यावर एकेक पोकळ नळी उभी असते आणि आर्किओपाइल एपिकल असतं.

नवशिक्यांची सगळ्यात जास्त चूक होते ती डाव्या-उजव्यात. आर्किओपाइल वरच्या फोकसला दिसलं तर तुम्ही पाठ बघताय. मग खालच्या फोकसला जी पोटाची बाजू, म्हणजे सल्कस (उभी खाच) असलेली बाजू दिसते, ती आतून दिसते, म्हणून उलटी. चित्र काढताना ती आरशातल्यासारखी फिरवून घ्या आणि कुठली बाजू कुठून पाहिली ते शेजारी लिहा. नाहीतर प्लेटांचे सगळे क्रमांक चुकतात.

मापं २०-३० नमुन्यांची तरी घ्या. गोळ्याचा व्यास आणि काट्यांची लांबी वेगवेगळी मोजा. किमान, सरासरी, कमाल असं लिहा. काटा सर्वात कमी व्यासाच्या ३० टक्क्यांहून लांब असेल तर सिस्टला कोरेट म्हणतात, १० टक्क्यांच्या आत असेल तर प्रॉक्झिमेट. नुसते काटे आखूड म्हणून नवी स्पीशीज करू नका. लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरमचे काटे खारेपणा कमी असलेल्या पाण्यात आखूड होतात, तेव्हा ती पाण्याची करामत असू शकते.

स्लाइडवर तपकिरी, पातळ भिंतीच्या सिस्ट दिसतच नसतील, तर नायट्रिक आम्लाचं ऑक्सिडेशन जास्त झालं का ते तपासा. प्रोटोपेरिडिनियमसारख्यांच्या सिस्ट त्यात आधी जातात, आणि 'इथे फक्त गोनिऑलॅकॉइड (स्पिनिफेराइटीसच्या गटातले) होते' असा खोटा निष्कर्ष निघतो.

एवढं करूनही नाव बसलं नाही आणि नवी स्पीशीज करायचीच असेल, तर वनस्पती-शैवालांची नामकरण संहिता लागू होते: लॅटिन किंवा इंग्रजीत निदान (वेगळेपण सांगणारं वर्णन, डायग्नोसिस), चित्र, आणि होलोटाइप (नावाचा आधार असलेला एकच नमुना) कुठल्या संस्थेत ठेवला त्याचं नाव. होलोटाइपसाठी स्लाइड क्रमांकासोबत इंग्लंड फाइंडरचे (स्लाइडवरची जागा सांगणाऱ्या चौकटी आखलेल्या काचेचे) निर्देशांक द्या आणि फोटो किमान दोन फोकसला काढा. ग्लिसरीन जेलीत नमुना कालांतराने सरकतो, त्यामुळे काचेवर पेनाने केलेल्या गोलावर विसंबू नका.