गच्चीवरची हवा आणि माणसाचा श्वास

नागपूर

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. हिवाळ्यात नागपूरच्या हवेतील सूक्ष्म धूलिकण वाढतात आणि त्याच महिन्यांत दम्याचे रुग्णही वाढतात, या दोन आलेखांवरून तू काढलेला निष्कर्ष कदाचित खरा असेल. परंतु तो अजून सिद्ध झालेला नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची हवा उबदार असल्यामुळे धूर खालीच कोंडून राहतो, हे तू नीट मांडले आहेस. पण तीच थंडी स्वतःही श्वासनलिका आकसवते, आणि सर्दी-खोकल्याच्या विषाणूंनाही ते दिवस मानवतात. मग रुग्णालयातील गर्दीचे खापर कोणावर फोडायचे?

या पेचातून वाट कशी निघते, हे पाहण्यासाठी आर्डेन पोप यांचे अमेरिकेतील युटा खोऱ्यातील काम वाच. ते मुळात अर्थशास्त्राचे अभ्यासक होते, हे मला नेहमीच गमतीचे वाटते. तेथील पोलाद कारखाना 1986-87 मध्ये सुमारे वर्षभर बंद राहिला आणि नंतर पुन्हा सुरू झाला. डोंगर तेच, थंडी तीच, माणसे तीच. बदलला तो केवळ कारखान्याचा धूर. कारखाना सुरू असलेल्या हिवाळ्यांत दमा व ब्राँकायटिससाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंदच्या हिवाळ्याच्या तुलनेत दुपटी-तिपटीने अधिक होती. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याचे कोळशावरचे वीजसंच दुरुस्तीसाठी बंद असतात त्या काळातील नोंदी तू स्वतंत्रपणे काढून पाहिल्यास का? मात्र तेव्हा वारा कोणत्या दिशेचा होता, तेही सोबत लिही.

आता मोजणीविषयी. आपला सॅम्पलर, म्हणजे हवा ओढून तिच्यातील धूळ फिल्टरवर पकडणारे यंत्र, मिनिटाला 16.7 लिटर हवा ओढतो, म्हणजे 24 तासांत सुमारे 24 घनमीटर. सूक्ष्म धूलिकणांसाठी (PM2.5) आपल्या राष्ट्रीय मानकाची दैनिक मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम धरली, तर फिल्टरवर जेमतेम 1.44 मिलिग्रॅम धूळ साचते. बोटाचा घाम किंवा पावसाळी दमटपणा एवढ्या वजनात सहज गडबड करतो. म्हणून हवा ओढण्याआधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही वजनांपूर्वी फिल्टर ठरलेल्या तापमानात व आर्द्रतेत 24 तास ठेवणे आणि प्रत्येक फेरीत कोरा, म्हणजे ज्यातून हवा ओढलेली नाही असा, फिल्टर तुलनेसाठी सोबत नेणे, यात सवलत नाही. तुझ्या नोंदवहीत ऑगस्टच्या दोन फेऱ्यांत कोऱ्या फिल्टरचे वजनच लिहिलेले नाही.

मी तुझ्या वयाचा असताना एका थंडीत आमच्या गच्चीवरच्या यंत्रावर सलग चार रात्री आकडे चढले. वीजकेंद्राच्या राखेचा पुरावा सापडला, या आनंदात मी मसुदा लिहायलाही घेतला. पाचव्या रात्री सहज वर गेलो, तेव्हा खाली इमारतीचा चौकीदार भिंतीच्या आडोशाला वाळका पाला आणि जुना टायर पेटवून शेकत बसलेला दिसला. त्याने मलाही हात शेकायला बोलावले. मसुदा फाडला, पण मनाला खरे लागले ते वेगळेच: माझे यंत्र दोन मजले वर होते आणि तो माणूस त्या धुरापासून हातभर अंतरावर होता.

1980च्या दशकाच्या आरंभी संशोधक कर्क स्मिथ यांनी गुजरातच्या खेड्यांत यंत्र आणि माणूस यांतले हेच अंतर मिटवले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर सॅम्पलर लावून चुलीपुढे त्या प्रत्यक्ष किती धूर ओढतात, ते मोजले. शहराची सरासरी त्या बाईविषयी काहीच सांगत नाही. तुझी प्रश्नावली मात्र 'धूम्रपान करता का?' येथेच थांबते. घरात चूल आहे की गॅस, पाणी तापवायला बंब पेटतो का, डासांची कॉइल रात्रभर जळते का, भांडेवाडीकडचा कचरा पेटला की धूर खिडकीतून आत येतो का, हे सारे विचार. आणि विचारताना घाई करू नकोस; इतवारीतल्या दुकानदाराला गिऱ्हाईक असताना प्रश्न विचारलेस, तर तो 'नाही, नाही' म्हणून मोकळा होईल.

मर्यादेच्या तक्त्यात एक दुरुस्ती कर. जागतिक आरोग्य संघटनेची 2021ची दैनिक मार्गदर्शक मर्यादा 15 मायक्रोग्रॅम आहे. तू जुनी 25 घातली आहेस. त्यामुळे 25 धरून मोजलेला 'सुरक्षित दिवस' हा तुझा स्तंभच काढून टाकावा लागेल.

सोमवारी येताना ऑगस्टची मूळ नोंदवही आण. त्या दोन फेऱ्या ठेवायच्या की गाळायच्या, ते समोरासमोर बसून ठरवू.

तुझा,
सर