फ्रेंच पत्रकार मार्गरीत द्युराँ यांनी केवळ स्त्रियांच्या बळावर ‘ला फ्रोंद’ हे दैनिक कसं चालवलं, आणि ते बंद का पडलं?

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी एकाच खोलीत सापडतात: छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवण्याच्या. द्युराँ यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या रूपात आणि त्यांनी पाळलेल्या सिंहात अडकतात. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण मजुरीच्या हिशेबात आहे.

आधी थोडी ओळख. जन्म पॅरिस, २४ जानेवारी १८६४. १८८१ पासून त्या कोमेदी-फ्रांसेज या नामवंत नाट्यसंस्थेत नटी होत्या. १८८८ मध्ये वकील आणि खासदार जॉर्ज लागेर यांच्याशी लग्न करून त्यांनी रंगभूमी सोडली. लागेर हे जनरल बुलांजे यांच्या सरकारविरोधी राजकीय चळवळीतले, त्यामुळे राजकीय वृत्तपत्र आतून कसं चालतं हे द्युराँ यांना जवळून बघायला मिळालं. लग्न फार टिकलं नाही. पुढे त्या ‘ल फिगारो’ या दैनिकात लिहू लागल्या. १८९६ मध्ये पॅरिसला स्त्रीवाद्यांची परिषद भरली, तेव्हा तिची खिल्ली उडवणारा लेख लिहायला त्यांना पाठवण्यात आलं. तिथली भाषणं ऐकून त्यांनी तो लेख लिहायला साफ नकार दिला.

९ डिसेंबर १८९७ रोजी ‘ला फ्रोंद’चा पहिला अंक निघाला. किंमत ५ सांतीम, म्हणजे इतर स्वस्त दैनिकांइतकीच. कचेरी १४, र्‍यू सँ-जॉर्ज. संपादक, बातमीदार आणि खिळे जुळवणाऱ्यासुद्धा सगळ्या स्त्रियाच. पहिल्या पानावर नेहमीच्या तारखेबरोबर ज्यू, रशियन आणि फ्रेंच क्रांतीच्या पंचांगाप्रमाणेही तारीख छापलेली असे. पत्र कुठल्या एका पंथाचं नाही, हे वाचकाला बातमीआधीच कळावं म्हणून.

दैनिक चालवणाऱ्या त्या फ्रान्समधल्या पहिल्या स्त्री मात्र नव्हेत. संपादक जूल वालेस यांच्या मृत्यूनंतर, १८८५ पासून, त्यांचं ‘ल क्री द्यू पप्ल’ हे दैनिक पत्रकार सेव्हरीन यांनी सांभाळलं होतं, आणि याच सेव्हरीन ‘ला फ्रोंद’च्या सर्वांत गाजलेल्या लेखिका ठरल्या. द्युराँ यांचं वेगळेपण असं की त्यांनी बायकांसाठी फॅशन-पाककृतींचं पत्र काढलं नाही. संसद, शेअर बाजार, न्यायालय, परराष्ट्र, शिक्षण, सगळं त्यात होतं. अडचण अशी की यातल्या कित्येक ठिकाणी स्त्रियांना मुळात प्रवेशच नव्हता. बाजाराच्या आवारात बायकांना मनाई होती, पण बाजाराचं सदर तर रोज द्यायचं होतं. संसदेचं कामकाज एलेन से लिहीत. फ्रान्समधल्या पहिल्या स्त्री संसदीय बातमीदार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप झाला, त्या प्रकरणात पत्र ठामपणे द्रेफ्यूस यांच्या बाजूने उभं राहिलं आणि १८९९ मध्ये रेन शहरात झालेल्या त्यांच्या फेरखटल्याचं वार्तांकन सेव्हरीन यांनी केलं.

आता त्या खोलीकडे. त्या काळी एकेक खिळा उचलून हाताने ओळ जुळवावी लागे. कौशल्याचं काम, मजुरीही बरी. दैनिकाच्या बातम्या संध्याकाळनंतर येतात, म्हणून जुळणी रात्रीच होते. इथे २ नोव्हेंबर १८९२ चा कायदा आडवा आला: कारखान्यांत स्त्रियांना रात्रपाळी बंद. नंतरच्या हुकुमाने काही कामांना सूट मिळाली, आणि त्यात वर्तमानपत्रांच्या घड्या घालण्याचं काम होतं. म्हणजे रात्री घड्या घालणाऱ्या बाईच्या तब्येतीची काळजी कुणाला नव्हती, कारण ते कमी पैशाचं काम. पुरुषांइतकी मजुरी देणारी जुळणी मात्र तिला निषिद्ध. ‘संरक्षणा’च्या नावाखाली चांगल्या कामातून बायकांना हुसकावलं जातं, हा द्युराँ यांचा मुद्दा यातूनच पक्का झाला आणि त्यावर त्या अखेरपर्यंत अडून राहिल्या.

त्यांनी जुळणी करणाऱ्या स्त्रियांना पुरुषांच्या संघटनेने ठरवलेला पूर्ण दर दिला. तोवर छापखान्यांचे मालक बायकांना घेत ते स्वस्तात पडतात म्हणून, आणि त्याच कारणाने पुरुष कामगार त्यांच्यावर चिडून असत. पूर्ण दर दिला की हे भांडण मिटायला हवं होतं, पण छपाई कामगारांच्या महासंघाने या स्त्रियांना तरीही सभासद करून घेतलं नाही. मग १८९९ मध्ये त्यांची वेगळी संघटना उभी राहिली. १९०१ मध्ये नान्सीच्या बेर्जे-लव्हरो छापखान्यात संप झाला, तेव्हा या संघटनेतल्या काही जणी संपकऱ्यांच्या जागी कामाला गेल्या, आणि पॅरिसमधल्या कामगार संघटनांच्या सामायिक केंद्रातून या संघटनेला काढून टाकण्यात आलं. मला हा द्युराँ यांच्या कारकिर्दीतला सर्वांत दुखरा भाग वाटतो. ज्यांना संघटनेचं दारच बंद होतं त्यांच्याकडून संपाशी निष्ठेची अपेक्षा कशी करायची, हा प्रश्न खरा आहे. पण संप फोडल्याने कामगार चळवळीतली त्यांची पत गेली, हेही तितकंच खरं.

पत्र बुडण्याची कारणं याच्याशीच जोडलेली आहेत. मजुरी पूर्ण द्यायची आणि अंक ५ सांतीमला विकायचा, तर खप प्रचंड हवा किंवा जाहिराती भरपूर हव्यात. पहिल्या अंकाच्या २ लाख प्रती काढल्या होत्या; ती भूक टिकली नाही. धर्मनिष्ठ घरांना पत्र चर्चविरोधी वाटे, समाजवाद्यांना बड्या घरच्या बायकांचं. सप्टेंबर १९०३ मध्ये दैनिक थांबलं, मार्च १९०५ पर्यंत मासिक रूपात तग धरला. १९१४ मध्ये थोडे दिवस आणि पुन्हा १९२६ ते १९२८ त्यांनी ते चालवून पाहिलं.

तरी ती वर्षं वाया गेली असं म्हणवत नाही. १ डिसेंबर १९०० च्या कायद्याने स्त्रियांना वकिली करता येऊ लागली. त्याच महिन्यात दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांना बसायला आसन देणं मालकांवर बंधनकारक झालं. दोन्हींसाठी ‘ला फ्रोंद’ने सातत्याने लिहिलं होतं. १९१० मध्ये, मताचा अधिकार नसताना, द्युराँ पॅरिसच्या ९ व्या विभागातून निवडणुकीला उभ्या राहिल्या. आयुष्यभर जमवलेली पुस्तकं, पत्रं आणि कात्रणं त्यांनी १९३१ मध्ये पॅरिस नगरपालिकेला दिली, आणि १६ मार्च १९३६ ला मृत्यू येईपर्यंत ते ग्रंथालय विनावेतन सांभाळलं. १९८९ पासून ते १३ व्या विभागात, र्‍यू नास्योनालवर आहे.

मूळ अंक वाचायचे असतील तर फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ संकेतस्थळावर ते फुकट उपलब्ध आहेत. पत्राच्या नावाने शोधा आणि तारखेनुसार उघडा. पहिल्या अंकापासून सुरुवात करण्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबर १८९९ चे अंक आधी घ्या. रेनचा खटला चालू असताना बाकीची पानं कशाने भरली आहेत ते नीट बघा. शिक्षिका आणि कामगार स्त्रियांविषयीचा मजकूर मला तिथलाच सर्वांत मोलाचा वाटतो.