पेन्सिल बघून टेबलाखाली जाणारा चिकू आणि माळ्यावरच्या टिपऱ्या

"मॅडम, वर्गातली सगळी मुलं अ आ इ ई लिहितात आणि हा पेन्सिल बघितली की टेबलाखाली जाऊन बसतो." मी ताल आणि खेळांतून मुलांचा हात लिहिण्यासाठी तयार करून घेते, त्यामुळे शाळेची पहिली पालकसभा झाली की हे वाक्य थोड्याफार फरकाने मला हमखास ऐकायला मिळतं. म्हणून आज एका मुलाची गोष्ट सांगते, त्याच्या आईला विचारूनच सांगतेय, आणि त्याला आपण चिकू म्हणू.

चिकू माझ्याकडे आला तेव्हा चार वर्षं आठ महिन्यांचा होता, ज्युनिअर केजीत. डायरीत तीनदा लाल पेनाने "घरी सराव घ्या" असा शेरा आलेला. मग काय, आई ऑफिसमधून आल्या आल्या रोज "अ"चं एक पान. अर्धं पान व्हायच्या आत रडारड, मग बाबा चिडणार, मग आजी मधे पडणार, आणि जेवणं होईपर्यंत घरात कोणी कोणाशी धड बोलायचं नाही. हे सांगता सांगता आईच्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "परवा मी त्याच्या हातावर पट्टी मारली हो मॅडम, मलाच रात्रभर झोप नाही लागली." मी म्हटलं, तुम्ही घाबरलात म्हणून मारलंत, ते आता थांबवू, आधी मला त्याची वही दाखवा.

वहीतली अक्षरं मी नंतर बघते, आधी पान उलटून मागच्या बाजूने बोट फिरवते. चिकूच्या "अ"चा वळ मागच्या चार पानांवर उमटलेला, एका ठिकाणी तर भोकच पडलेलं. मग मी जमिनीवर लांबलचक खाकी कागद पसरला, त्याला खडू दिला आणि सांगितलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीचा रस्ता काढ. उजव्या हाताने छान सुरुवात केली, रस्ता बरोबर पोटासमोर आला तसा त्याने खडू डाव्या हातात घेतला आणि पुढचा अर्धा रस्ता डाव्याने काढला. खांदा पार कानाला टेकलेला, ओठ घट्ट मिटलेले. आई म्हणाली, "अय्या, हे तर मी कधी बघितलंच नाही!" अहो कसं बघणार, आपलं सगळं लक्ष अक्षराकडे असतं ना.

आता इथे थोडं सविस्तर सांगते कारण सगळी गडबड इथेच होते. लिहिण्याची तयारी बोटांपासून होत नाही, आधी पाठ आणि खांदा स्थिर होतो, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात, जन्मतः ती हाडं नसतातच, नुसती मऊ कूर्चा असते, पुढे वर्षानुवर्षं एकेक करून त्यांची हाडं होत जातात आणि शेवटचं तर साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी. आकारांचंही तसंच आहे, बघून गोल काढणं साधारण तीनच्या आसपास जमतं, अधिकचं चिन्ह चारच्या, चौकोन साडेचार-पाचला, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण पाचच्याही पुढे. दोन-चार महिने इकडे तिकडे होतातच. आता "अ" नीट बघा, तीनच्या आकड्यासारखी दोन वळणं, मधून आडवी रेघ, मग दंड, वर शिरोरेषा. मुळाक्षरांत तो पहिला आहे म्हणून आपण हातालाही तोच पहिला देतो, हे मला अजिबात पटत नाही. मुळाक्षरांचा क्रम तोंडाला ठीक आहे, हाताचा क्रम वेगळा असतो.

आणि शरीराची मधली रेघ, म्हणजे नाकापासून पोटापर्यंत मनात धरलेली उभी रेघ, ओलांडणं हा एक भाग. उजव्या हाताने शरीराच्या डाव्या बाजूला सहज जाता आलं नाही तर ओळ लिहिताना मूल अख्खं वळतं किंवा हात बदलतं. चिकूच्या वयात हे बऱ्याच मुलांमध्ये दिसतं, कुठला हात पक्का हे चार ते सहाच्या दरम्यान ठरत जातं, त्यामुळे लगेच घाबरायचं नाही, पण त्या हाताला वहीच्या चौकटीत कोंबायचंही नाही.

मी सांगितलं, तीन आठवडे वही बंद. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे तोपर्यंत बाकीची मुलं पुढे जाणार." त्यांची काळजी खोटी नव्हती, म्हणून मी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी लिहिली, त्या भल्या होत्या, "चालेल, पण मला पण सांगा काय करताय ते" म्हणाल्या. घरी काय करायचं ते मी समजवत होते, की दोन हातांनी एकमेकांच्या बाजूला जाणारे खेळ हवेत, तालावरचे, तर इतका वेळ गप्प बसलेल्या आजी एकदम म्हणाल्या, "अगं मग टिपऱ्या आहेत की माळ्यावर!" आजी सातारकडच्या, भोंडला, झिम्मा, फुगडी सगळं केलेल्या. मला तर फार आनंद झाला कारण टिपऱ्यांमध्ये हात आपोआप समोरच्याच्या उलट बाजूला जातो, आणि तो कधी जायचा हे कान सांगतो, आईला ओरडून सांगावं लागत नाही.

पहिले पाच-सहा दिवस चिकू फक्त सरळ समोरची टिपरी वाजवायचा. आजी म्हणायच्या, "वाजू दे त्याला तशी." मग एक दिवस तिरकी लागली आणि तो स्वतःच हसला. टिपऱ्यांच्या आधी पाच मिनिटं खेकडा-चाल, अस्वल-चाल, बाबांनी पाय धरायचे आणि याने हातांवर चालायचं ती हातगाडी, कारण खांद्यात जोर तिथून येतो. नंतर आईची ओढणी घेऊन हवेत मोठ्ठा आडवा इंग्रजी आठ (8). फोनवर तबल्याच्या अ‍ॅपमध्ये केरवा ताल लावायचा, धा गे न ती न क धि न, आठ मात्रा, अगदी संथ, सेकंदाला एक मात्रा. संथच. घाईची, दणदणीत गाणी लावली की मुलं नाचतात मस्त पण हाताची वळणं फाटतात. पहिल्या दिवशी माझी डफली जोरात वाजली तर चिकूने कान झाकले, मग मी डफली ठेवून दिली आणि नुसतं गुणगुणले, कारण काही मुलांना आवाजच सोसत नाही आणि तिथे जबरदस्ती केली तर पेन्सिलसारखीच संगीताचीही भीती बसते.

दुसऱ्या आठवड्यात गच्चीची भिंत. जाड ब्रश, बादलीभर पाणी, आणि तुटक्या खडूचे इंचभर तुकडे. तुकडा लहान असला की मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप पुढे येतात. भिंतीवर काढताना मनगटही आपोआप थोडं मागे वळतं, जसं लिहिताना हवं तसं. "पेन्सिल नीट धर" हे वाक्य त्या महिनाभरात घरात कोणी बोललं नाही, ती माझी अट होती.

तिसऱ्या आठवड्यातलं एक सेशन माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतीला कागद चिकटवला होता आणि मी दादरा ताल गुणगुणत होते, धा धी ना, धा ती ना, सहा मात्रांत एक गोल, "धा"ला निघायचं आणि पुन्हा "धा"ला घरी यायचं. पहिले दोन गोल कोपरे आलेले, बटाट्यासारखे. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला त्याचा खांदा खाली आला, मला तो खाली येताना दिसला, आणि गोल बरोबर "धा"वर बंद झाला. तो मागे सरकून बघत म्हणाला, "हा लाडू." मग मी काहीच न बोलता लाडवाच्या उजवीकडे एक काठी काढली, वर सर्रर्र करत एक रेघ ओढली. तो म्हणाला, "हा तर व!" मग त्याने सगळ्या कागदावर व काढले, प्रत्येक शिरोरेषेला सर्रर्र. पुढे आम्ही ट, ठ, मग व, ब, क असेच गेलो, एकाच वळणाची भावंडं एकत्र. अ खूप नंतर.

आजींनी मला सांगितलं की त्यांचे वडील धूळपाटीवर बोटाने शिकले. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला लहान मुलांना गाणी-नाच-खेळातूनच शिकवलं, २०२० चं शैक्षणिक धोरणही तीन ते सहा वयात खेळातून शिकण्याबद्दलच बोलतं. तरी आपण ज्युनिअर केजीच्या पोराला चार रेघी वही देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मधे एकदा गाडी घसरली. चौथ्या आठवड्यात बाबांनी खुशीत वही काढली, "आता येतंय ना, लिही एक पान", आणि चिकू परत टेबलाखाली. बाबांनी स्वतः फोन करून सांगितलं, ते मला आवडलं. परत दोन आठवडे भिंत, मग मोठी पाटी, मग कोरा कागद, आणि रेघांची वही सगळ्यात शेवटी, रोज दहाच मिनिटं.

आता एक महत्त्वाचं. सगळंच टिपऱ्यांनी सुटत नाही. मूल पाच पूर्ण होऊन गेलं तरी गोल आणि अधिकचं चिन्ह जमत नसेल, चमचा, बटण, चेन यातही खूप अडत असेल, वारंवार पडत-धडपडत असेल, हात दुखतो म्हणत असेल, किंवा येत असलेलं विसरत चाललं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, डोळे तपासा, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजच्या कामांसाठी लागणाऱ्या हालचालींवर काम करणारे तज्ज्ञ) भेटा, वाट बघत बसू नका. चिकूचे डोळेही आम्ही पहिल्याच आठवड्यात तपासून घेतले होते. आणि डावखुरा असेल तर असू दे, हात बदलायला लावू नका, कागद फक्त थोडा उजवीकडे कलता ठेवा.

चिकू आता सिनिअर केजीत आहे. त्याच्या "अ"चा दंड अजून जरा लांब पळतो आणि ओळ चढावर जाते. वहीच्या मागून बोट फिरवलं तर पान सपाट लागतं. परवा आईने विचारलं, "मॅडम, वर्गात लिहिताना तो सर्रर्र करतो, बाकीची मुलं हसतात, बंद करायला सांगू का?" मी म्हटलं बाईंना विचारा. बाई म्हणाल्या, करू दे, आता आमचा अर्धा वर्ग करतो.