तिच्या वाट्याचा विनोद

'मावशी,
वय ४१. मित्रमंडळीत माझी ओळख हशा पिकवणारा अशी आहे. पण अवघड प्रसंग आला की हातपाय गार पडतात आणि तोंड सुरू होतं. दोन महिन्यांपूर्वी थोरल्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, "गाठीचा रिपोर्ट आला. चांगला नाहीये." ती शाळेत कायम पहिली येणारी. मी बोलून गेलो, "म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा नापास झालीस म्हण की!" ती हसली, "हो ना" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तीन आठवड्यांनी मेहुण्यांकडून कळलं, ऑपरेशन होऊन ती घरीसुद्धा आली होती. मला का सांगितलं नाहीस, विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या विनोदावर हसायची ताकद नव्हती रे माझ्यात." लहानपणी वडिलांचा पारा चढला की त्यांना हसवायचं काम माझ्याकडे असायचं, ताईच मला पुढे ढकलायची. आता काय, विनोद करणं सोडून देऊ? पुढच्या महिन्यात तिची तपासणी आहे.
– एक विदूषक'

सहीतसुद्धा एक कोटी करून घेतलीतच! मला हसू आलं नाही, पण रागही आला नाही, हे आधी सांगून टाकते.

'ताईच मला पुढे ढकलायची' हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. दाराआड दोन पोरं, आतून चढलेला आवाज, आणि मोठी धाकट्याच्या कानात सांगतेय, जा, ती नक्कल करून दाखव. वडील हसले की सगळ्यांची सुटका. तुमच्या घरी विनोद ही करमणूक नव्हतीच, ते तुम्हाला नेमून दिलेलं काम होतं. हवा तंग झाली की तोंड उघडायचं, हे तुमच्या अंगात मुरलं ते तिथे. त्या घरात ते बरोबरच होतं, त्यामुळे त्या पोराला आज दोष देत बसू नका.

पण त्या दारामागे तीही होती. भाऊ बोलला की हसायचं, म्हणजे संकट टळतं, हे तिच्याही अंगात मुरलेलं. म्हणून फोनवर ती हसली. तुम्ही ते हसू पावती समजून खिशात टाकलंत. आपण 'वेळ मारून नेली' म्हणतो ना, तसं झालं. वेळ टळली, पण ती जे सांगायला आली होती ते तिच्या घशातच राहिलं. त्या मिनिटाला घाबरलेल्या धाकट्या भावाला सांभाळायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. नंतर ऑपरेशनच्या धांदलीत ते काम तिला झेपणार नव्हतं, एवढंच तिने तुम्हाला सांगितलं. ते मला अतिशय प्रामाणिक वाटलं.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९२७ साली विनोदावर एक छोटा निबंध लिहिला, त्यात एक गोष्ट आहे. सोमवारी सकाळी एका गुन्हेगाराला फाशी द्यायला नेत असतात आणि तो म्हणतो, वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली! फ्रॉइडला त्यात माणसाच्या मनाची ऐट दिसली. आलेल्या दुःखापुढे मान तुकवायला ते नकार देतं. मला ती गोष्ट फार आवडते. पण हेच वाक्य बाजूने चालणाऱ्या शिपायाने म्हटलं असतं तर? शब्द तेच, सोमवारही तोच, आणि आपल्याला तो माणूस दुष्ट वाटला असता. 'आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले बघ' हे ताई म्हणाली असती, तर ती तिची ऐट ठरली असती. तुम्ही तिच्या वाट्याचा विनोद आधीच उचललात. चूक झाली ती इथे.

तुम्ही दुष्ट नाही. तुम्ही शिपाई होतात, पण पाय तुमचेही लटपटत होते.

सोडून देऊ का, असं विचारलंत. मुळीच नाही. जॉर्ज व्हेलंट नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी शेकडो पुरुषांच्या आयुष्याचा अनेक दशकं मागोवा घेतला. मन स्वतःला वाचवायला ज्या युक्त्या करतं, त्यांतल्या परिपक्व युक्त्यांमध्ये त्यांनी विनोदाला बसवलं. मात्र त्यांनी एक भेद केला, आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. खरा विनोद नकोशा गोष्टीकडे सरळ बघू देतो. नुसती शाब्दिक कोटी नजर दुसरीकडे वळवते. दोन्हींवर हशा सारखाच पिकतो, त्यामुळे करणाऱ्यालाही फरक कळत नाही. ओळखायची माझी खूण साधी आहे: हसून झाल्यावर आपण त्याच विषयावर आहोत, की विषय बदलला?

माझे वडील जन्मभर चष्मा शोधत राहिले, आणि तो बहुतेक वेळा त्यांच्या कपाळावर असायचा. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी कागद आवरताना फाइलखाली चष्मा सापडला आणि मी सवयीने ओरडले, 'बाबा, सापडला बघा!' क्षणभर शांतता. मग आम्ही तिघं भावंडं अशी हसलो की धाकटा जमिनीवर बसला. आणि हसता हसता, गेल्यापासून पहिल्यांदाच, बाबांबद्दल बोलायला लागलो. (मी तेव्हाही हे सदर लिहीत होते, आणि त्याआधीचा सगळा दिवस कागदांच्या आड लपून काढला होता. इतरांना सल्ले द्यायला काय जातं!) जोडीदार गमावून सहा महिने झालेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन केल्टनर आणि बोनानो या संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना ज्यांना मनापासून, डोळ्यांपर्यंत पोचणारं हसू आलं, त्यांच्यात दुःखाची तगमग कमी आढळली. म्हणजे दुःखात हसणं हे पाप नाही. ते हसू सगळ्यांचं असावं, इतकंच.

आता ताईकडे वळू. माफी मागायची आहेच, ती गमतीदार करू नका. 'नापास भाऊ हजर आहे' छापाचा मेसेज तुमच्या बोटांवर आत्ताच आला असेल, तो खोडा. जाऊन भेटा आणि सांगा, 'त्या दिवशी मी घाबरलो आणि भलतंच बोललो. तुला काय सांगायचं होतं ते राहून गेलं. आता सांगशील?' पुढे गप्प बसा. लहानपणीचं, वडिलांचं, दाराआडचं काही आज काढू नका. ते खरं आहे, पण ते काढलंत की पुन्हा तीच तुम्हाला समजावत बसेल. ती चिडेल, रडेल, किंवा नुसतं 'असू दे' म्हणेल. 'असू दे' सगळ्यांत जड जाईल, कारण त्यानंतर जी शांतता पडते तीत काहीतरी टाकायला तुमची जीभ वळवळेल.

त्या जिभेला काम द्या. हातपाय गार पडतात हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे सूचना तुम्हाला आधी मिळते, भल्याभल्यांना तीही मिळत नाही. हात गार पडले की एखादा साधा, रटाळ प्रश्न विचारायचा. 'मग डॉक्टर काय म्हणाले?' 'झोप लागते का?' त्यात काही चमक नाही, म्हणूनच तो चालतो, समोरच्याला त्यावर टाळी द्यावी लागत नाही. आणि विनोद निसटलाच, कारण निसटणार आहेच, तर तो झाकायला दुसरा करू नका. 'सवयीने बोललो, तू सांग पुढे' एवढं पुरे.

एकटे असताना तरी तुम्हाला रडू येतं का? तेही येत नसेल, तर एखाद्या समुपदेशकाकडे जाऊन बसा. ताईसाठी नाही, त्या नक्कल करणाऱ्या पोरासाठी.

तपासणीला सोबत येऊ का, असं तिला विचारा. ती नको म्हणाली तर आग्रह नको. 'ये, पण तिथे बडबड करू नकोस' म्हणाली, तर खुशाल जा आणि बडबड करू नका. तिची फाइल हातात धरा. आत जायला वेळ लागेल, खुर्च्या टणक असतील, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद असेल, आणि त्यावर तुम्हाला एक झकास वाक्य सुचेल. ते गिळा. आणि तिनेच घड्याळाकडे बघून काही म्हटलं, तर मात्र लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने हसा.

– मावशी