डायलिसिस वेळेवर चालू असूनही हृदयाला धोका का?

वाशीत बाबांचं डायलिसिस नियमित चालू असताना डॉक्टर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) का सांगतात, असं तुम्ही विचारलंय. कारण रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. पेशींचा एकच थर, पण तोच नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतो. आता इंडॉक्सिल सल्फेट या शरीरात तयार होणाऱ्या टाकाऊ पदार्थाचं उदाहरण बघा. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातले जिवाणू इंडोल बनवतात, यकृत त्याचं हे रूप करतं आणि धडधाकट किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. किडनी निकामी झाली की ते साचतं, अस्तराच्या पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या घातक रूपांचा मारा) आणतं, नायट्रिक ऑक्साइड घटतं, वाहिन्या ताठर होत जातात आणि हृदयावरचा भार वाढतो. डायलिसिसमध्ये युरिया सहज निघतो. इंडॉक्सिल सल्फेट मात्र अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं, गाळणीतून फारसं जातच नाही. इको टाळू नका. आणि कृपा करून बाबांची डाळ, अंडी मनानेच बंद करू नका, डायलिसिसवर प्रथिनं उलट जास्त लागतात.