शिवणाचे प्रश्न : झिगझॅग कुठे बिघडतो?

झिगझॅगच्या, म्हणजे नागमोडी टाक्याच्या, घरगुती मशीनबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत रुंदी म्हणजे सुई डावीउजवीकडे किती सरकते ते माप, आणि लांबी म्हणजे दर टाक्याला कापड किती पुढे जाते ते. दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये आहेत. टेन्शन म्हणजे वरच्या दोऱ्याच्या ताणाचा आकडा, फूट म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, आणि दाते म्हणजे कापड पुढे नेणारे खालचे दात.

कुर्त्याच्या आतल्या कडांचे धागे निघू नयेत म्हणून झिगझॅग मारते. जाड सुती कापडावर छान येतो, पण व्हॉइल आणि अस्तराच्या कापडावर कड गोळा होऊन नळी होते. टेन्शन कमी करूनही फरक पडला नाही. (सातारा)

रुंदी 5 वर असणार. रुंद टाक्यात वरचा दोरा डाव्या आणि उजव्या टोकाला अडकतो आणि मधले कापड आत ओढतो. जाड कापड हा ताण पेलते, पातळ कापड दुमडते. त्यामुळे नुसते टेन्शन कमी करून भागत नाही. आधी रुंदी 3 वर आणा, लांबी 2 ठेवा, मग टेन्शन 4 वरून 3 वर घ्या. सुई 11 नंबरची हवी. 16 नंबरची सुई पातळ कापडात मोठी भोके पाडते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुई कुठे उतरते ते. बहुतेक जणी कापडाची कड फूटच्या मधोमध ठेवतात आणि उजवा टाका कडेबाहेर हवेत पडतो. तिथे दोऱ्याला धरायला कापडच नसल्याने तो कड आत ओढतो. पातळ कापडासाठी उलट करा. शिलाईसाठी दीड सेंटीमीटर कापड सोडले असेल, तर झिगझॅग कडेपासून 5-6 मिलिमीटर आत, पूर्ण कापडावर मारा आणि बाहेरचे जास्तीचे कापड नंतर धारदार कात्रीने टाक्याजवळून कापा. टाका कापला जाऊ नये म्हणून कात्री आडवी, कापडाला टेकवून चालवा. यात कड मुळीच गोळा होत नाही.

मशीनवर तीन टाक्यांचा झिगझॅग असेल (चित्रात प्रत्येक तिरप्या रेषेवर तीन बारीक टाके दिसतात), तर पातळ कापडासाठी तोच वापरा. रुंदी 5 ठेवली तरी चालते, कारण प्रत्येक तिरप्या रेषेत कापड मध्ये दोनदा बांधले जाते. लांबी 1 ते 1.5. फार मऊ कापडाच्या कडेला आधी पातळ खळ लावून इस्त्री करा.

मशीनसोबत मध्ये बारीक तार असलेला फूट मिळाला असेल, तर तो याच कामासाठी असतो. टाका त्या तारेवरून पडतो, म्हणून कड सपाट राहते. मात्र तो लावल्यावर रुंदी माहितीपुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवा. कमी केली तर सुई थेट तारेवर आपटते.

साडीचा पिको घरी करता येईल का? दुकानासारखी गोल, बारीक कड येत नाही. (नाशिक)

येतो, आणि वर सांगितलेला दोषच इथे उपयोगी पडतो. पिकोत कड गुंडाळली जायलाच हवी, म्हणून उजवा टाका मुद्दाम कडेबाहेर पडू द्यायचा. रुंदी 2.5 ते 3, लांबी 0.8 ते 1, टेन्शन नेहमीपेक्षा अर्धा आकडा जास्त. सुई नवीन, 9 किंवा 11 नंबरची. दोरा पातळ आणि साडीच्या रंगाचा. जाड दोऱ्याने कड काठीसारखी कडक होते.

पिको साडीच्या दोन्ही आडव्या टोकांना होतो, काठांना नाही. आधी टोक सरळ करा. आडवा एक धागा ओढून काढला की रेघ दिसते, तिच्यावरून कापा. तिरके कापलेले टोक शिवताना ताणले जाते आणि कडेला लाटा पडतात. त्या नंतर इस्त्रीने जात नाहीत.

सुरुवातीला टोक सुईखालच्या भोकात ओढले जाते, ही शिफॉन-जॉर्जेटची नेहमीची तक्रार. वरचा आणि खालचा दोरा फूटमागे 8-10 सेंटीमीटर बाहेर काढून हाताने धरा. कापडाच्या सुरुवातीखाली वर्तमानपत्राची नव्हे, कोऱ्या कागदाची पट्टी ठेवा; शाई साडीला लागते. शिवून झाल्यावर कागद फाडून काढा. कापड मागून ओढू नका, पुढून ढकलू नका. दाते नेतील तेवढेच जाऊ द्या.

जॉर्जेट, शिफॉन आणि मऊ सिंथेटिक साड्यांवर हे उत्तम जमते. जाड सुती किंवा जड रेशमी साडीची कड गुंडाळत नाही, टाका सपाटच बसतो. तिथे टेन्शन वाढवत बसू नका. दोनदा दुमडून हातशिलाई घाला, ती जास्त शोभते. फॉल सुती असेल तर लावण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि काठ चुण्यांनी भरतो.

टी-शर्ट आणि लेगिंग्ज शिवताना टाके सुटतात. (ठाणे)

दोष बहुधा सुईचा असतो. होजिअरीचे कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचलले जाते, सुईमागे दोऱ्याचा फास तयार होत नाही आणि खालच्या हुकला धरायला काही मिळत नाही. गोल टोकाची, ताणणाऱ्या कापडासाठीची 11 नंबरची सुई घाला. सरळ टीप ताणल्यावर तुटते, म्हणून जोडाची शिलाईही अरुंद झिगझॅगने करा: रुंदी 0.5 ते 1, लांबी 2.5. दिसायला ती जवळजवळ सरळच दिसते. दोरा पॉलिएस्टरचा घ्या.

नवीन, योग्य सुई लावूनही टाका फक्त डावीकडचा किंवा फक्त उजवीकडचाच सुटत असेल, तर हुकची वेळ (हुक दोऱ्याचा फास धरतो तो क्षण) चुकली आहे. ती घरी लावायच्या भानगडीत पडू नका, मेकॅनिकला दाखवा. त्याला कुठल्या बाजूचा टाका सुटतो ते नक्की सांगा, त्याचे निम्मे काम होते.

झिगझॅग लावला आणि पहिल्याच टाक्याला सुई तुटली. (बेळगाव)

सरळ टिपेचा फूट किंवा सुईखालची गोल भोकाची पट्टी लावलेली राहिली असणार. झिगझॅगसाठी फूटची फट आणि पट्टीचे भोक दोन्ही आडवे, लांबट हवेत. दुसरे कारण, सुई कापडात असताना रुंदीचा खटका फिरवणे. सुई वर असेल तेव्हाच फिरवा. नमुना बदलला की मोटर सुरू करण्याआधी हाताचे चाक आपल्याकडे दोन फेरे फिरवून सुई दोन्ही बाजूंना मोकळी उतरते ना, ते पाहा.

माझी जुनी काळी मशीन आहे. तिच्यावर झिगझॅग होईल का? (अकोला)

तिची सुई बाजूला सरकत नाही. झिगझॅगची जोडणी मिळते, ती सुईऐवजी कापड डावीउजवीकडे हलवते. सुती कापडाच्या कडांना पुरते. जड कापड तिच्याने नीट हलत नाही. पिकोच रोज करायचा असेल तर झिगझॅगची मशीन घ्या.

झिगझॅगने बटण लावतात म्हणे, कसे? (पणजी)

दाते खाली करा. तशी सोय नसेल तर लांबी 0 करा किंवा दाते झाकणारी पट्टी लावा. बटण फूटखाली धरा, सुई हाताने डाव्या भोकात उतरवा. मग सुई वर घेऊन रुंदी भोकांमधल्या अंतराएवढी करा. शर्टाच्या बटणाला ती साधारण 3 ते 4 येते. चाक हाताने फिरवून सुई उजव्या भोकात बरोबर पडते का ते दोनतीनदा बघा. बटणाला सुई लागली तर दोन्ही फुटतात. नंतर हळू वेगाने 8-10 टाके, शेवटी रुंदी 0 करून त्याच जागी चारपाच टाके, म्हणजे दोरा उसवत नाही. कोटासारखे कापड जाड असेल तर बटणाच्या वर, दोन भोकांच्या मधोमध काडेपेटीची काडी ठेवून शिवा. काडी काढली की दोरा सैल होतो, बटण वर उचला आणि खाली उरलेल्या दोऱ्याभोवती चार वेढे द्या. काजात बटण सहज बसते.